चौथा उद्गार

"चौथा उद्गार," गोर्डे पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता वाचलं, "कुमारी लोईस बोर्डे."

मी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी हसले. असं हसायला मला चांगलं जमतं. तिसऱ्या उद्गाराला माझं नाव वाचून झालेलंच होतं, सौ. राहेल दुशिंग, सलग दहावं वर्ष.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या देवळात उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू येशू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात, प्रत्येकाला बारा मिनिटं. वेळ संपली की पाळकसाहेब टेबलावरची घंटी वाजवतात, मंडळी एक गीत म्हणते आणि पुढचा उठतो. कोण कुठल्या उद्गारावर बोलणार हे दोन रविवार आधी वाचून दाखवतात, आणि आमच्या तालुक्याच्या गावात त्या यादीवरून माणसाचं वजन ठरायचं. पहिला उद्गार क्षमेचा, तो मंडळीचा कारभार बघणाऱ्या एखाद्या पंचाला. पाचवा तहानेचा, सोपा म्हणून नवख्या तरुणाला. तिसऱ्यात येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, म्हणून तो बाईमाणसाला.

चौथा सगळ्यांत अवघड. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" देवानं आपल्या पुत्राला खरंच सोडलं होतं का, यावर शास्त्र शिकलेली माणसंसुद्धा एकमेकांची तोंडं बघत नाहीत. आमच्याकडे तो तीस वर्षं आमोलिक गुरुजींकडे होता. नाताळच्या आधी गुरुजी वारले. मी मराठी शाळेत शिक्षिका, शास्त्राच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आलेली, गुरुजींच्या बारा वर्षांच्या उपदेशांची टिपणं माझ्या वहीत. ती जागा माझी होती. मंडळीत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

आणि बोर्डेबाई कोण, तर आठ महिन्यांपूर्वी मुलींच्या बोर्डिंगवर सुपरिंटेंडंट म्हणून आलेल्या. वय चौतीस, लग्न नाही, बेताची उंची, उदगीरकडच्या. "करायले, बोलायले" असं बोलायच्या. ज्या बाईला धड क्रियापद वापरता येत नाही तिला चौथा उद्गार, असं माझ्या मनात आलं. मराठीची शिक्षिका ना मी.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला पायऱ्यांवर गाठलं.

"सलाम, राहेलबाई. रागावला नाहीत ना?"

"मी कशाला रागावू? देवाचं काम. कुणीही करावं."

"तुमचा तिसरा लोकांना फार आवडतो. बायका रडतात."

"रडतात खऱ्या," मी म्हणाले. दहा वर्षं बायकांना रडवून मला कंटाळा आला होता. पुरुषांनी टिपणं घ्यायला वह्या काढाव्यात, असं मला हवं होतं.

घरी आले तर हे मागच्या पडवीत मोटार उघडून बसलेले. माझे यजमान भास्कर दुशिंग विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, रिवाइंडिंग करायचे. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला नाव होतं. रविवारी कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम लग्नाआधीपासूनचा. तो तीन वर्षांपूर्वी मोडला, त्यांचा धाकटा भाऊ सुमंत गेला तेव्हा.

सुमंत बिघडलेली मोटार काढायला विहिरीत उतरला होता आणि हे वर दोर धरून उभे होते. कडेचा भराव ढासळला. सुमंत आधी छातीपर्यंत गाडला गेला, मग आणखी माती आली. यांना सहा माणसांनी धरून ठेवलं, नाहीतर हेही आत गेले असते. खालून पाऊण तास हाक येत होती. दादा, दादा. मग थांबली. हे सगळं मला दुसऱ्यांनी सांगितलं. यांनी त्या दिवसाबद्दल माझ्याजवळ एक अक्षर काढलं नाही. दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, सुमंत देवाच्या हातात होता. मीही तेच म्हणाले. त्यावर हे एवढंच बोलले, "हातात होता तर वर काढायचा."

त्यानंतर हे देवळात आले नाहीत. मी रोज गुडघे टेकून एकच मागत होते. दर रविवारी सकाळी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवायची आणि दुपारी परत कपाटात ठेवायची. समजावायला गेले की हे पान्हा शोधायला उठायचे.

"कुणाला दिलाय चौथा?" यांनी त्या दिवशी विचारलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसत असणार.

"बोर्डिंगच्या बाईंना."

"बरं झालं. तुझा तिसरा चांगला असतो."

मी भांडी जरा जोरात घासली.

पुढच्या शनिवारी दुपारी चारला आमच्या घरी प्रार्थना होती. उपवासकाळात दर शनिवारी एकेका घरी असते. दहाबाराजण आले होते, बोर्डेबाईही. हे नेहमीसारखे पडवीत आपल्या कामाशी. उकाड्यामुळे मधलं दार उघडं होतं. प्रार्थना झाली, चहा उकळत होता, तेव्हा मी अगदी गोडीगोडीत विचारलं, "बोर्डेबाई, चौथ्यावर काय बोलणार? आम्हालाही कळू द्या. पहिलीच वेळ तुमची."

मला त्यांना सगळ्यांसमोर अडचणीत आणायचं होतं. दुसरा काही हेतू नव्हता.

"जास्त काही नाही, बाई. येशूला देवानं सोडलं, त्यानं 'का?' म्हणून विचारलं. लिहिलंय तसंच सांगायलेय."

"सोडलं?" मी म्हणाले. "अहो, तो बाविसावं स्तोत्र म्हणत होता. त्याची पहिलीच ओळ ती आहे. आमोलिक गुरुजींनी आम्हाला तीस वर्षं शिकवलंय. पहिली ओळ म्हटली म्हणजे अख्खं स्तोत्र म्हटल्यासारखं. आणि त्या स्तोत्राचा शेवट काय आहे? विजय आहे. म्हणजे ती निराशेची हाक नाहीच. तो विश्वासाचा उद्गार आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणालासुद्धा, "गुरुजींची आठवण झाली बघा."

"असेलही बाई," बोर्डेबाई म्हणाल्या. "मला एवढंच कळंना झालंय, त्याला तर सगळीच स्तोत्रं पाठ होती. त्याच्या पुढचंच मेंढपाळाचं आहे, किती गोड. ते नाही म्हटला. हेच का म्हटला? आणि मोठ्यानं आरोळी मारली असं लिहिलंय. पाठ केलेलं कुणी आरोळी मारून म्हणतंय का?"

"मग नव्या विश्वासणाऱ्यांना काय सांगायचं? देवानं पुत्राला टाकलं?"

"माझ्याजवळ उत्तर नाही. तेच सांगणार. चारपाच मिनिटांत माझं बोलून होईल. उरलेला वेळ सगळ्यांनी गप्प बसू म्हणेन, गीतसुद्धा नको. त्याला वरून उत्तर आलं नाही, तर देवाच्या वतीनं आपण घाईघाईनं कशाला द्यायचं?"

दोघाचौघांनी नकारार्थी माना हलवल्या. मी जिंकले होते, हे मला त्या खोलीत स्पष्ट दिसत होतं. आणि तेवढ्यात मधल्या दारातून आवाज आला.

"विहिरीत दबलेला माणूस पाठांतर म्हणून दाखवत नाही."

हे दारात उभे होते, हात काळे. मंडळीच्या माणसांसमोर तीन वर्षांत ते पहिल्यांदा बोलले होते, आणि बोलले ते बोर्डेबाईंकडे बघून. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "बोर्डिंगची मोटार कशी चालते?"

"पाणी टाकीत चढंना झालंय दादा, चार दिवस झाले."

दादा. तिला काय माहीत, या घरात तीन वर्षं तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी फक्त नळावर जाऊन हात धुतले, पिशवीत पान्हे भरले आणि चहा न घेताच बोर्डेबाईंबरोबर निघाले.

परत आले ते दोन तासांनी.

"एवढी बिघडली होती का मोटार?"

"नाही. पॅकिंग गेलं होतं. दहा मिनिटांचं काम."

"मग?"

"बसलो होतो जरा." त्यांनी पिशवी खुंटीला लावली. "शुक्रवारी माझा पांढरा शर्ट काढून ठेव. मी येणार आहे."

ज्या बाईच्या नवऱ्यानं तीन वर्षांनी देवळात येतो म्हटलं, तिनं जागच्या जागी गुडघे टेकायला हवे होते. मी मेथी निवडायला घेतली. मला वेडावाकडा संशय नव्हता. तसला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. मला फक्त हे दिसत होतं की मी तीन वर्षं रडून मागितलं ते या बाईनं एका दुपारी मिळवलं, तेही चहा मिळायच्या आत.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवारच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. मिरवणूक देवळाला वळसा घालून आली, मुलं झावळ्यांनी मारामारी करत होती, आणि बोर्डेबाई गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आल्या.

"बाई, काल यजमानांनी मला विहिरीचं सगळं सांगितलं. सुमंतभाऊंची हाक कशी बारीक होत गेली ते. मला रात्रभर झोप नाही. तुम्ही कसं सोसायलात हो?"

"सोसतेय," मी म्हणाले.

"शेवटी सुमंतभाऊंनी नुसतं 'दादा' नाही म्हटलं म्हणे, 'दादा, आहेस ना?' असं विचारलं. यजमानांनी 'आहे' म्हणून ओरडून सांगितलं, पण खाली ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. तेच त्यांना खातंय. तुम्हाला तर माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला काय खातंय ते मला उदगीरच्या बाईकडून झावळ्यांच्या गर्दीत कळत होतं. "हो," मी म्हणाले, "माहीत आहे." अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी प्रभुभोजनाच्या आधी कुणाविषयी मनात काही ठेवू नये म्हणून मुलांना शिकवते. त्या दिवशी मी ठेवलं आणि चांगलं घट्ट बांधून ठेवलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले.

"मी काही तक्रार घेऊन आले नाही," मी म्हणाले. असं सुरुवातीला म्हणावं लागतं. "पण तुमच्या कानावर घालायला हवं. शनिवारी प्रार्थनेत बोर्डेबाई म्हणाल्या की देवानं येशूला टाकलं. दहाबाराजणांसमोर."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. भला माणूस, पण वादाला फार घाबरायचा. "असं म्हणाल्या?"

"विचारा कुणालाही. आणि त्यावर उत्तर नाही म्हणाल्या. मंडळीला नुसतं गप्प बसवणार आहेत. गीतसुद्धा म्हणू देणार नाहीत."

"गीतसुद्धा नाही?" याचंच त्यांना जास्त वाटलेलं दिसलं.

"आता गुरुजी असते तर प्रश्न नव्हता. पण ते जाऊन चार महिने झाले नाहीत, तोवर त्यांच्याच उद्गारावर त्यांच्याच शिकवणीच्या विरुद्ध कुणी बोलावं, हे पंचांना रुचेल का? मला काय, मी माझा तिसरा बोलून बसेन."

"त्यांना मी बोलावतो," ते म्हणाले. "गुरुजींच्या धर्तीवर थोडं बदलून बोला म्हणतो."

"तसं झालं तर उत्तमच."

मला पक्कं ठाऊक होतं, ती बाई बदलणार नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत पाळकसाहेब सायकलवरून शाळेत आले. "काही वाद घातला नाही त्यांनी," ते म्हणाले. "'मला दुसरं काही बोलता येणार नाही, त्यापेक्षा मी बसते,' एवढंच म्हणाल्या. चौथा तुम्ही घ्या. तिसरा आमच्या घरच्या बोलतील. नाहीतरी त्यांना केव्हाचा हवा होता."

मी वर्गात गेले आणि मुलांना सातचा पाढा तीन वेळा म्हणायला लावला. इतका आनंद मला त्या वर्षात झाला नव्हता.

यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शर्ट खुर्चीवरच राहिला असता. माझा हिशेब असा होता की एकदा देवळात येऊन बसू देत, मग माझं ऐकतील. चार भिंतींत त्यांनी माझं कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिथं उठून पान्हा शोधायला जाता येणार नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघं बरोबर निघालो. मी पांढरी साडी नेसले होते. वाटेत लोक थांबून यांना सलाम करत होते, कुणी काही विचारत नव्हतं. हे पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसले, दाराशी. मी माझ्या जागेकडे निघाले तेव्हा बोर्डेबाई बोर्डिंगच्या मुलींना बाकावर बसवत होत्या. मला बघून त्या पुढे आल्या.

"बाई, मन लावून बोला," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा असावा म्हणून मी कान देऊन ऐकलं, पण नव्हता. "आणि दादांना सांगितलंत ना, मी बोलणार नाही ते?"

"सांगितलंय," मी म्हणाले.

पहिला उद्गार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला पाळकसाहेबांच्या बाई उठल्या तेव्हा यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग मुलींच्या बाकांकडे. मी वहीत बघत राहिले. त्या बाई बरं बोलल्या, दोन-तीनजणी रडल्याही. घंटी वाजली, गीत झालं.

"चौथा उद्गार. सौ. राहेल भास्कर दुशिंग."

मी पुढे जाऊन उभी राहिले. वधस्तंभावर काळं कापड, पंखे बंद, तीनेकशे माणसं उपाशीपोटी माझ्याकडे तोंड करून बसलेली. मी कधी एवढी चांगली बोलले नव्हते. आवाज हवा तसा लागला. बाविसावं स्तोत्र मी ओळीओळीनं उलगडलं, कपडे वाटून घेतले ते कुठं आहे, हातपाय विंधले ते कुठं आहे. पुढच्या रांगेत एका पंचानं खिशातून पेन काढलं. मला ते दिसलं आणि मी आणखी खुलले.

हे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर ऐकत होते. इतक्या वर्षांत प्रथमच ते असे पुढे झुकून, दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवून माझं ऐकत होते. बोर्डेबाई नाहीत तर मी, पण कुणीतरी ते बोलावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. माझ्याजवळ अजून पाच मिनिटं होती. आणि काय बोललं की हा माणूस या बाकावरून उठणार नाही, ते मला माहीत होतं. मला ते शब्दाला शब्द पाठ होतं. त्याला उत्तर आलं नाही. आपण देवाच्या वतीनं घाईघाईनं देऊ नये. थोडा वेळ गप्प बसू. जिभेवर आलं होतं माझ्या. पण ते तिचं होतं. तिच्या तोंडचं मी उचलून बोलायचं, आणि माझा नवरा त्यावर देवळात परत यायचा, आणि ती तिथं मुलींमध्ये बसून बघणार.

"म्हणून बंधुभगिनींनो," मी म्हणाले, "ही सोडून दिलेल्याची हाक नव्हे. देव तिथंच होता. तो क्षणभरही दूर गेला नव्हता. ज्याला वाटतं देव आपल्याला उत्तर देत नाही, त्यानं फक्त स्तोत्र शेवटपर्यंत वाचावं."

यांनी बाकावरचे हात काढून घेतले. मग उठले, आवाज न करता दार लोटलं आणि गेले. बोर्डेबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं असणार. मी विजयाच्या ओळी वाचायला घेतल्या आणि घंटी वाजायच्या आत नीट संपवल्या.

तीन वाजता बाहेर पडताना लोकांनी हात धरधरून सांगितलं, गुरुजी बोलायला उभे राहिल्यासारखं वाटलं. पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीही तुमचाच." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. घाई नव्हती मला घरी जायची.

हे पडवीत होते. शर्ट काढून ठेवला होता, बनियनवर बसून मोटारीचं वेटोळं भरत होते. तारेचे वेढे मोजत असले की ते बोलत नसत. मी उपास सोडायला चहा आणि बटर घेऊन गेले. त्यांनी वेढे संपवले, टोक दुमडलं.

"बोर्डेबाई का नाही बोलल्या?"

मी इतकी तयारी केली होती, पण या प्रश्नाची केली नव्हती. आजारी होत्या म्हणता आलं असतं. पाळकसाहेबांनी बदललं म्हणता आलं असतं, तेही अर्धं खरं होतं. पण आजारी म्हटलं असतं तर हे विचारपूस करायला बोर्डिंगवर गेले असते.

"त्यांनीच माघार घेतली," मी म्हणाले. "पाळकसाहेबांना जाऊन म्हणाल्या, मला ते बोलता येणार नाही. नीट विचार केल्यावर त्यांना आमचंच पटलं म्हणे. म्हणून मग माझ्यावर आलं."

"पटलं?"

"हो. देव सोडत नाही, हे."

यांनी वेटोळं बाजूला ठेवलं. "म्हणजे त्याही नुसतं मला बरं वाटावं म्हणून बोलल्या त्या दिवशी," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "मला वाटलं होतं, एका माणसाला तरी कळलंय." मग त्यांनी चहा घेतला, बटर बुडवून खाल्लं आणि कप मोरीत नेऊन ठेवला.

बोर्डेबाई शाळेच्या सुट्ट्या लागल्यावर बदली मागून गेल्या. जाण्याआधी एकदा आमच्या दारात येऊन गेल्या, हे बाहेरगावी मोटार बसवायला गेलेले असताना. एका चिठ्ठीवर नव्या बोर्डिंगचा पत्ता लिहून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दादांना द्या." मी ती चिठ्ठी टिपणांच्या वहीत ठेवली. टाकून द्यायची हिंमत झाली नाही.

चौथा उद्गार तेव्हापासून माझ्याकडेच आहे. आता काठी टेकत पुढे जाते, पण तोच बोलते, तसाच बोलते. बाहेरगावच्या मंडळ्यांनीही बोलावलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

हे त्यानंतर अकरा वर्षं जगले. देवळात आले नाहीत आणि मीही पुन्हा या म्हटलं नाही. आमचं भांडण असं कधी झालं नाही. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते, बोलणं अगदी कमी झालं होतं. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्यांनी तोंड मिटलं आणि छताकडे बघत म्हणाले, "राहेल, त्या बोर्डेबाई आता कुठं असतात गं?"

"का हो?"

"विचारायचं होतं त्यांना. खरंच पटलं होतं का."

वही हाताच्या अंतरावर फळीवर होती. पत्त्याच्या गावाला एस. टी. दुपारी दोनची, पोचायला पाच तास. त्या आल्या असत्या. निरोप मिळता क्षणी आल्या असत्या, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. येऊन त्या यांच्या उशाशी बसल्या असत्या, दादा म्हणाल्या असत्या, आणि यांनी शेवटचं जे काही बोलायचं ते त्यांच्याशी बोलले असते.

मी चमचा पुन्हा भरला. "कोण जाणे," मी म्हणाले.